शेवाळी, मेंदी आणि साडू

डूख धरायचा तर लहानशा गोष्टीवर धरावा. मोठ्या गोष्टीवरचा राग चारचौघांत सांगता येतो. लोक समजूत काढतात, पाठीवर हात ठेवतात आणि राग निवतो. माझा राग नऊ ग्रॅम वजनाच्या पक्ष्यावरून होता. तो कोणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून सव्वीस वर्षं उत्तम टिकला.

पक्षी दोन आहेत. एक शेवाळी वटवट्या आणि दुसरा मेंदी वटवट्या. दोघे बोटभर लांब, दोघांच्या डोळ्यांवर फिकट भुवई, आणि दोघांनाही एका फांदीवर दोन सेकंदांहून जास्त बसायचा कंटाळा. ज्याने ही नावं ठेवली त्याने पक्षी जिवंत पाहिलेच नव्हते. संग्रहालयाच्या खणात कापूस भरून वर्षानुवर्षं पडलेली कातडी पाहून त्याने ठरवलं की एक शेवाळाच्या रंगाचा आहे आणि एक मेंदीच्या. झाडावर दोघांचा रंग एकच, पानाचा. हातात धरला तर पंखातलं दुसरं पीस सहाव्यापेक्षा लांब की आखूड ते मोजून फरक कळतो. पण पट्टी आणेपर्यंत थांबणारा वटवट्या अजून कोणाला भेटलेला नाही.

उरतं ते गाणं. शेवाळी ‘चिप चिप चिप’ असं सात-आठ वेळा म्हणतो आणि शेवटी केसासारखी बारीक ‘सीऽऽ’ सोडतो. तिला आम्ही शेपटी म्हणतो. मेंदीसुद्धा तेच म्हणतो, तितक्याच वेळा म्हणतो, आणि गप्प बसतो. त्याला शेपटी नाही. शेवाळी आमच्याकडे ढिगाने आहेत. मेंदी दुर्मिळ. म्हणजे साधा पक्षी ओळखायचा तो ऐकू आल्यावरून आणि दुर्मिळ पक्षी ओळखायचा तो ऐकू न आल्यावरून. जगात इतकी बेभरवशाची गोष्ट पक्षीनिरीक्षकांखेरीज कोणी गंभीरपणे करत असेल असं वाटत नाही.

आमच्या पक्षीमंडळाचे या बाबतीत नियम होते. दुर्मिळ पक्षी दोघांनी ऐकलेला हवा. यंत्राची साक्ष चालणार नाही. आणि ज्याने आधी नाव उच्चारलं त्याच्या नावावर पक्षी जाईल, दुसरा नुसता साक्षीदार. हे नियम नोंद-समितीच्या अध्यक्षांनी केले होते, आणि अध्यक्ष होते माझे साडू.

साडू दातांचे डॉक्टर. दिवसभर माणसं त्यांच्यापुढे तोंड उघडून बसतात आणि एकालाही उलट बोलता येत नाही. ही सवय त्यांना मंडळातही लागली आणि घरातही. मी पियानो सुरात लावणारा. त्यांच्या हिशेबी तो काही धंदा नव्हे. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं होतं, ‘‘म्हणजे वाजवत नाही, नुसता लावता?’’ तेव्हापासून ते मला ‘वाजंत्री’ म्हणतात आणि मी त्यांना ‘डॉक्टर’ म्हणतो. माझी बायको म्हणते की तुमचं चांगलं जमतं.

सव्वीस वर्षांपूर्वी एका सकाळी मी तळ्याच्या कडेला मेंदी ऐकला. अकरा वेळा गायला, अकराही वेळा शेपटी नाही. मी मंडळाला नोंद पाठवली. साक्षीदार म्हणून बायकोची सही घेतली, कारण त्या वेळी तिथे तीच होती. महिन्याभराने मंडळाच्या पत्रिकेत तीन वाक्यं छापून आली. ‘नोंद नामंजूर. निरीक्षकाच्या कानाविषयी समिती साशंक आहे. साक्षीदार निरीक्षकाची पत्नी आहे.’

माणसाच्या चारित्र्याविषयी शंका घ्यावी, अकलेविषयी घ्यावी. पियानो लावणाऱ्याच्या कानाविषयी घेऊ नये. संगीत विद्यालयाच्या मुख्याध्यापिका पत्रिकेच्या वर्गणीदार होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून फार मायेने सांगितलं की वय कोणाला चुकलंय. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. विद्यालयाचे नऊ पियानो दुसऱ्या एका माणसाकडे गेले. तो पियानो लावायचा नाही, दटावायचा.

मी भांडलो नाही. बायको म्हणाली, ‘‘ताईच्या नवऱ्याशी भांडू नका हं. मला तिच्याकडे जायचं असतं.’’

‘‘त्याने माझा कान कापला.’’

‘‘कापला कुठे? आहे की जागच्या जागी. आणि मला सांगा, ते दोन पक्षी सारखे दिसतात तर दिसू देत ना. तुम्ही दोघं साडूसुद्धा मला लांबून सारखेच दिसता. आम्ही बहिणी काही वही घेऊन मागे लागत नाही.’’

तेव्हापासून प्रत्येक वाढदिवसाला मी साडूंच्या शेजारी बसून हसलो आहे. हसताना दात दिसतात, आणि ते दातांकडे बघून सांगत, ‘‘वाजंत्री, खालची दाढ किडतेय.’’

सहा वर्षांपूर्वी साडूंनी जाहीर केलं की शहरात मेंदी आला आहे. पहिल्या वसंतात त्यांनी तीन नोंदवले. दुसऱ्या वर्षी सात. मग बारा, एकोणीस, अठ्ठावीस, आणि गेल्या वर्षी चाळीस. साक्षीदार म्हणून प्रत्येक नोंदीखाली त्यांच्या मुलीची सही. ती आमची भाची, मंडळाची चिटणीस. निरीक्षकाची बायको चालत नव्हती, पण मुलीविषयी नियमात काही म्हटलेलं नव्हतं.

चाळीस मेंदी म्हटल्यावर साडूंनी पुस्तक लिहायला घेतलं. ‘दोन वटवटे: एक तुलना’. छपाईआधी ते मला वाचायला दिलं. म्हणाले, ‘‘गाण्याचं प्रकरण नजरेखालून घाला. तेवढं तुमच्या धंद्यातलं आहे.’’ मी गाण्याच्या प्रकरणापर्यंत पोचलोच नाही. चौथ्या पानावर एक ओळ होती. ‘शहरातील मेंदी वटवट्याची पहिली नोंद: प्रस्तुत लेखक.’

ती ओळ मी रोज एकदा वाचत असे. काही लोक सकाळी कोमट पाणी पितात, तसं.

खरं-खोटं करायला मी तळ्यावर जाऊन बसलो. वटवटे गात होते. चिप चिप चिप, आणि मग शांतता. जिकडे कान द्यावा तिकडे मेंदी. म्हणजे मनुष्य खरं बोलत होता. हे तर जास्तच वाईट झालं. खोटारड्याला पकडता येतं. खऱ्या माणसाचं काय करायचं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

अशा मन:स्थितीत माझी खालची दाढ दुखायला लागली.

‘‘तोंड उघडा,’’ साडू म्हणाले. ‘‘अजून. वाजंत्री लोकांची तोंडं एरवी मोठी असतात.’’ गालात कापूस कोंबून ते ड्रिलची टोकं निवडत बसले. भिंतीपलीकडे हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र होतं. त्याचं काम संपलं आणि ते वाजायला लागलं. टी, टी, टी. चांगलं कानात घुसणारं. साडू टोकं निवडत होते. टी, टी, टी.

‘‘पाहा कशी शांतता आहे,’’ ते म्हणाले. ‘‘दुसऱ्यांच्या दवाखान्यात रेडिओ लावून ठेवतात. पेशंट बिथरतात.’’

टी, टी, टी. मी काही बोलायचा प्रश्नच नव्हता. शेवटी बाहेरून त्यांची नर्स आली.

‘‘डॉक्टर, मशीन केव्हाचं ओरडतंय.’’

‘‘आत्ताच लागलंय ना?’’

‘‘पाच मिनिटं झाली.’’

‘‘हल्ली ते हळूच वाजतं,’’ साडू म्हणाले. ‘‘दुरुस्तीवाल्याला सांगा.’’

मी छताकडे बघत पडल्या पडल्या हिशेब केला. चाळीस वर्षं हा माणूस कानापाशी ड्रिल धरून बसला आहे. बारीक आवाज त्याच्या कानातून एक एक करून निघून गेले आहेत. शेपटी तर सगळ्यांत बारीक. ती सर्वांत आधी गेली असणार. शहरात मेंदी वाढले नव्हते, साडूंच्या कानातले शेवाळी कमी झाले होते.

‘‘भूल देतो,’’ साडू म्हणाले.

त्या आनंदात नसती दिली तरी चाललं असतं.

आता पुरावा हवा होता. भाचीने मागे एकदा माझ्या फोनवर आवाजाचं चित्र काढणारं ॲप घालून दिलं होतं. आवाज झाला की पडद्यावर रेघा उमटतात. खर्जातला आवाज खाली, चढा आवाज वर. मंडळात यंत्र चालत नसलं तरी माझ्या मनाच्या खात्रीला चालत होतं. मी फोन घेऊन तळ्यावर गेलो. पहिला वटवट्या गायला. पडद्यावर चिपच्या रेघा उमटल्या, कंगव्याच्या दातांसारख्या. आणि त्यांच्यापुढे, पार वरच्या कडेला, एक लांब बारीक रेघ.

मी रुमालाने पडदा पुसला.

दुसरा गायला. कंगवा आणि वर रेघ. तिसरा, चौथा, तेच. मी मात्र चार वेळा चिप ऐकलं आणि चार वेळा शांतता ऐकली. ती शांतता मला सव्वीस वर्षं पाठ होती.

घरी येऊन पियानोसमोर बसलो. उजव्या टोकाची शेवटची पट्टी दाबली. स्वच्छ, टोकदार, काचेसारखी. मग फोनवर पाहिलं. शेपटीची रेघ त्या पट्टीच्या रेघेच्या दुपटीने वर होती. पियानो संपतो तिथवर माझा कान शाबूत होता. त्याच्यापुढे काय गेलं आणि कधी गेलं हे कळायला वाव नव्हता, कारण त्याच्यापुढे पियानोच नसतो.

बायको आतून म्हणाली, ‘‘बिघडलाय का?’’

‘‘नाही. छान लागलाय.’’ मग मी विचारलं, ‘‘तुला आठवतं का, त्या सकाळी तळ्यावर तुलाही शेपटी ऐकू आली नव्हती ना?’’

‘‘कुठली शेपटी?’’

‘‘तू सही केली होतीस.’’

‘‘तुम्ही म्हणालात सही कर, मी केली. मला थंडी वाजत होती.’’

एखादा सज्जन माणूस इथे वरमला असता. मीही संध्याकाळपर्यंत वरमून पाहिलं. मग वेगळा विचार सुचला. साडू बहिरे होते आणि मीही होतो. पण साडूंना साडूंचं माहीत नव्हतं आणि मला दोघांचं माहीत होतं. इतकी चांगली संधी पुन्हा आली नसती. माझी दाढही साडूंनी काढून टाकली होती, म्हणजे पुन्हा त्यांच्या खुर्चीत बसायची भीती उरली नव्हती.

अडचण एकच. नियमाप्रमाणे यंत्र दाखवून उपयोग नव्हता, कानाने ऐकलं असं म्हणावं लागणार होतं. पण आम्हा पियानोवाल्यांचं अर्धं काम मोजण्याचं असतं. दोन तारा जवळजवळ एका स्वरात आल्या की त्यांच्यातून ठोके ऐकू येतात, ते मोजत मोजत तार ताणायची. मी शेवाळीची मोजणी सुरू केली. शेवटचा चिप बाकीच्यांपेक्षा किंचित उतरतो. तो उतरला की डोळ्याची पापणी लवेस्तोवर थांबायचं, आणि मग शेपटी. दर वेळी, न चुकता. तीन आठवडे मी सकाळी तळ्यावर बसून, मांडीवर फोन ठेवून, न ऐकलेल्या आवाजाला हात वर करायची तालीम केली. शेवटच्या आठवड्यात फोनकडे बघायची गरज उरली नाही. माझा हात आणि फोनवरची रेघ एकदमच वर जाऊ लागले.

मंडळाच्या वर्धापनदिनाला सकाळी तळ्याभोवती फेरी आणि नंतर बागेतल्या मंडपात पुस्तकाचं प्रकाशन असा बेत होता. चहाची व्यवस्था आमच्या बायकांकडे. तीस-पस्तीस माणसं जमली. सर्वांत पुढे साडू, हातात काठी, गळ्यात दुर्बीण. त्यांच्यामागे नोंदवही घेऊन भाची.

भाचीविषयी सांगायला हवं. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर माणसांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते, आणि कोणाला खरंच दिसतंय व कोण अंदाजाने दडपून म्हणतंय हे तिला लगेच कळतं. चौतीस वर्षांची, कान शाबूत. साडूंच्या एकशेनऊ मेंदींखाली तिच्या सह्या होत्या. तिला शेपट्या ऐकू येत असणारच. तरी तिने सह्या केल्या होत्या. फेरीला निघताना मी हे सगळं जाणून होतो. पुढे जे होणार होतं त्यात तिची कोंडी होणार हेही मला माहीत होतं. त्याचं मला वाईट वाटत होतं असं म्हटलं तर ते खोटं होईल.

पाण्यावर झुकलेल्या पहिल्याच झाडात एक वटवट्या गायला. साडूंनी काठी वर केली. सगळे थांबले.

‘‘मेंदी,’’ साडू म्हणाले.

भाचीने पेन उघडलं.

‘‘डॉक्टर,’’ मी म्हणालो, ‘‘शेपटी आहे.’’

‘‘काय आहे?’’

‘‘शेपटी.’’

साडूंनी सावकाश मान वळवली. ‘‘वाजंत्री, सव्वीस वर्षांपूर्वी तुम्हाला शेपटी ऐकू आली नव्हती, आज येतेय. मुरलेल्या लोणच्यासारखा आहे की तुमचा कान.’’

लोक हसले. सगळ्यांत जास्त मी हसलो. ‘‘मग साक्षीदाराला विचारू. नियम तुमचाच आहे.’’

सगळ्यांनी भाचीकडे पाहिलं. ती वहीकडे बघत राहिली. पक्षी आणखी एकदा गायला. कोणीतरी खोकलं. ‘‘सांग ना,’’ साडू म्हणाले, ‘‘यांना एकदाचं सांगून टाक, म्हणजे चहाला मोकळे होऊ.’’

‘‘असं करू,’’ भाची म्हणाली. ‘‘काका, तुम्ही पक्ष्याकडे बघत उभे राहा. शेपटी आली की हात वर करा. मी तुमच्या मागे थांबते, वहीत खुणा करते. सहा वेळा गाऊ दे.’’

लोकांना ही माझ्या कानाची मानवंदना वाटली. मला कळलं की तिच्या दुकानात अशाच खुर्चीवर बसवतात. मी झाडाकडे तोंड करून उभा राहिलो. शेवटचा चिप उतरला, पापणी लवली, हात वर. पुन्हा. पुन्हा. चौथ्या वेळी पक्ष्याने मध्येच गाणं सोडून दिलं, मी हात खालीच ठेवला, आणि मागे कोणीतरी ‘वा’ म्हणालं.

‘‘सहाच्या सहा बरोबर,’’ भाची म्हणाली. ‘‘आणि मधलं अर्धवट गाणं वेगळं. तेही बरोबर.’’

साडूंनी विचारलं, ‘‘म्हणजे शेपटी होती?’’

‘‘होती, बाबा.’’

‘‘आज होती.’’

‘‘नेहमीच असते.’’

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ‘‘मग तू सह्या का करत होतीस?’’

‘‘तुम्ही फार खूश होऊन घरी यायचा,’’ ती म्हणाली.

मग साडूंनी टोपी काढली आणि तीस-पस्तीस माणसांकडे तोंड करून, पेशंटला सांगावं तसं सरळ सांगितलं, ‘‘मला ऐकू येत नाही. एकशेनऊच्या एकशेनऊ नोंदी रद्द समजाव्या. पुस्तक आज निघणार नाही. चहा आहे, तो घ्या.’’ आणि मग माझ्याकडे वळून, ‘‘समितीचं काम तुम्ही बघा.’’

सव्वीस वर्षं मी या क्षणाची चव कशी असेल याचा विचार केला होता. चांगली होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा घास लहान निघाला, एवढंच. मी त्यांना आणखी कोणी काही वाईट बोलतंय का म्हणून आजूबाजूला पाहिलं, पण सगळे साडूंना धरून धरून मंडपाकडे न्यायला बघत होते. एक म्हातारे सभासद तेवढे माझ्यापाशी आले आणि म्हणाले, ‘‘पियानोवाल्याचा कान तो कान.’’ हे वाक्य पत्रिकेत छापून घ्यावं असं मी मनाशी ठरवलं.

लोक पुढे गेले. साडूंना कोणाचा हात नको होता, म्हणून ते मागे राहिले आणि होडीघराजवळच्या बाकावर बुटाची नाडी बांधायला बसले. भाची त्यांच्यासाठी थांबली. मीही थांबलो. जिंकलेल्या माणसाने थांबावं, बरं दिसतं.

होडीघरामागच्या झुडपात एक वटवट्या गायला.

‘‘मेंदी,’’ साडू नाडी बांधता बांधता म्हणाले. मग हात झटकला. ‘‘जाऊ दे. सवय.’’

सवय मलाही होती. शेवटचा चिप उतरला होता आणि माझा हात आपोआप वर गेला होता.

‘‘नव्हती,’’ भाची हळूच म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘शेपटी. आत्ता नव्हती, काका.’’

पक्षी पुन्हा गायला. हात एकदा वर गेला की मागे घेणं कठीण असतं. मी पुन्हा वर केला.

‘‘नव्हती,’’ ती म्हणाली. ‘‘मघाशीच मला शंका आली. तुम्ही शेवटच्या चिपवर हात वर करता. दुकानात असे येतात, अक्षरांचा तक्ता पाठ करून. बाहेर रांगेत बसल्या बसल्या ऐकलेला असतो.’’

मी खिशातून फोन काढला. पक्षी तिसऱ्यांदा गायला. पडद्यावर कंगवा उमटला. वरची कड कोरी. मी फोन जरा तिरपा करून पाहिला, तरी कोरीच.

‘‘हा मेंदी आहे,’’ भाची म्हणाली. ‘‘खरा. मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय.’’

साडू दहा पावलांवर बाकावर होते. आमचे ओठ हलताना त्यांना दिसत होते, तेवढंच. भाचीने नोंदवही उघडली आणि माझ्यापुढे धरली.

‘‘एक साक्ष माझी. दुसरी तुमची. आज तुमच्या कानावर कोणी शंका घेणार नाही. आणि हे बघा, मेंदी इथे येतो हे एकदा वहीत आलं, की तुमची ती जुनी नोंद परत काढता येईल. अध्यक्षही आता तुम्हीच. मी स्वतः ती समितीपुढे ठेवते.’’

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या नोंदीचं नाव काढलं होतं. मी पेन हातात घेतलं.

‘‘नाव कोणाचं घालशील?’’

‘‘बाबांचं,’’ ती म्हणाली. ‘‘आधी त्यांनीच म्हटलं.’’

‘‘त्याला ऐकू येत नाही. त्याने स्वतः जाहीर केलंय.’’

‘‘म्हटलं तर त्यांनीच ना. आणि ऐकू तर तुम्हालाही येत नाही. तुम्ही उलटं म्हटलंत, त्यांनी बरोबर म्हटलं. नियम हाच आहे, आधी कोण म्हणतं. त्या एका ओळीवर त्यांचं पुस्तक निघेल. पातळ निघेल, पण निघेल.’’

चौथं पान माझ्या डोळ्यांपुढे आलं. ‘पहिली नोंद: प्रस्तुत लेखक.’ या वेळी ते खरं असणार होतं आणि त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही असणार होती. माझी नोंद परत आली असती, नाही असं नाही. ती दुसरी म्हणून आली असती. किंवा जुनी म्हणून. वर्धापनदिनाला साडूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांना सांगितलं असतं की आमचे वाजंत्री तेव्हाही बरोबर होते हो.

बाकावरून साडूंनी हाक मारली. ‘‘काय चाललंय? शेपटी आहे ना?’’

भाची माझ्याकडे बघत होती. दुकानात ती गिऱ्हाइकांकडे कशी बघत असेल ते मला दिसलं.

‘‘आहे,’’ मी मोठ्याने म्हणालो.

‘‘नक्की?’’

‘‘स्वच्छ.’’

मला वाटलं होतं ते काहीतरी खवचट बोलतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं. साडू उठले, काठी टेकत जवळ आले आणि झुडपाकडे पाहत उभे राहिले. ‘‘असेल बुवा,’’ ते म्हणाले. ‘‘तुमचा कान आहे. मी तेव्हा उगाच तसं लिहिलं. लिहायला नको होतं.’’

मी पेन भाचीच्या हातात परत दिलं. तिने ते घेतलं, वही मिटली, आणि मंडपाकडे चालायला लागली.

साडू मात्र हलेनात. झुडपातला पक्षी पुन्हा सुरू झाला. चिप, चिप, चिप. ते डोकं तिरकं करून, एक कान पुढे काढून ऐकत होते, आणि त्यांचे डोळे माझ्या हातावर होते.

शेवटचा चिप उतरला. मी हात वर केला. साडूंनी मान डोलावली.